'नाइस प्रॉडक्ट' लिहिणं थांबवा : आरोग्याच्या वस्तूंचे ऑनलाइन रिव्ह्यू

गेल्या महिन्यात हिंगणघाटकडच्या एक काकू ओपीडीत आल्या. वय ६२. बाथरूममध्ये चक्कर येऊन पडल्या होत्या. नशिबानं हाड मोडलं नव्हतं, कोपर तेवढं सोलवटलं होतं. बीपीची एक गोळी चालू असल्याची नोंद माझ्या कागदावर होती. बसवून बीपी घेतलं, १२२/७६. उभं करून घेतलं तर वरचा आकडा थेट ९८. मी विचारलं, "काकू, गोळी एकच घेता ना?" काकू गप्प. सोबत आलेला मुलगा म्हणाला, "दोन घेते सर. मशीनवर रोज एकशे साठ दाखवत होतं."

मशीन पिशवीत होतंच. ते त्याच दंडाला लावून पाहिलं, तर आकडा आला १४२. माझ्यापेक्षा २० नी जास्त. म्हणजे दोन गोळ्यांनी बीपी पार खाली गेलं होतं, आणि घरचं मशीन मात्र अजूनही "कमी झालं नाही" असंच सांगत होतं. थोडे दिवस उशीर झाला असता तर काकूंनी तिसरी गोळीही सुरू केली असती.

मशीन बिघडलेलं नव्हतं. काकूंच्या दंडाचा घेर ४१ सेंटिमीटर आणि सोबत आलेला पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटरच्या दंडासाठीचा. मोठ्या दंडाला लहान पट्टा आवळला की आकडा वर चढतो. किती चढतो, हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी मोजून २०२३ मध्ये प्रसिद्ध केलं आहे : ज्यांना सर्वांत मोठ्या मापाचा पट्टा लागतो, त्यांना नेहमीच्या मापाचा पट्टा बांधला तर वरचा आकडा सरासरी १९ ते २० नी जास्त येतो. काकूंचा फरक अगदी तेवढाच.

मी जरा वैतागूनच म्हणालो, "घेताना पाहिलं नाही का?" तर काकू म्हणाल्या, "पाहूनच घेतलं ना जी पोरानं. पाच स्टार हाय त्याले!"

मुलानं मोबाइल पुढे केला. सरासरी ४.२ तारे, रिव्ह्यू हजारोंनी. दोन पेशंटच्या मधल्या वेळेत मी ते वाचत बसलो. "नाइस प्रॉडक्ट." "पॅकिंग मस्त." "डिलिव्हरी वेळेआधी आली." "व्हॅल्यू फॉर मनी." एकानं लिहिलं होतं, "आईसाठी घेतलं आहे, अजून उघडलं नाही, पण दिसायला छान आहे." आणि त्याला पाच तारे! पट्ट्याच्या मापाबद्दल लिहिणारे मला दोन जण सापडले, तेही खूप खाली. "हेल्पफुल" म्हणून त्यांच्याखाली कोणी बोटही टेकवलं नव्हतं.

त्या शेकडो भल्या माणसांतल्या कोणीही काकूंचं वाईट चिंतलं नव्हतं. पण काकूंची एक गोळी वाढण्यात त्यांचा वाटा आहे, असं माझं मत आहे. आजचा लेख त्यावरच आहे, आणि तो थोडा रागानं लिहितोय, हे आधीच कबूल करतो.

पूर्वी वर्ध्यात असं मशीन घ्यायचं तर ओळखीच्या मेडिकलवाल्याकडे जायचो. तो डबा उघडायचा, दंडाला पट्टा बांधून दाखवायचा, "यांना मोठा लागेल" म्हणायचा. बिघडलं तर त्याच्याच दारात नेऊन आपटता यायचं. तो काही साधुसंत नव्हता, ज्यात मार्जिन जास्त तेच पुढे करायचा. पण पट्टा बसतो की नाही हे समोरच दिसायचं. आता आष्टी-कारंजाच्या खेड्यातला माणूसही मोबाइलवरून मागवतो. किंमत कमी पडते, शिवाय वस्तू घरी येते. त्याला माझा विरोध नाही, मी स्वतः मागवतो. पण तिथे पट्टा बांधून दाखवणारं कोणी नाही. त्या मेडिकलवाल्याची जागा आता तुमच्या रिव्ह्यूनं घेतली आहे. तुम्ही लिहिता तेव्हा तुम्ही कोणाच्या तरी आईच्या दंडाला पट्टा बांधत असता, आणि बहुतेक जण तो न बघताच "मस्त" म्हणून मोकळे होतात.

मोबाइलचं कव्हर, पायपुसणं, चहाचे कप यांना काहीही लिहा, मला त्याच्याशी देणंघेणं नाही. पण जी वस्तू शरीरात जाते, शरीराला लावली जाते किंवा शरीराबद्दल आकडा सांगते, तिच्याबद्दल दोन दिवसांत "मस्त" लिहिणं धोक्याचं असतं. का, ते समजून घ्या.

गुडघेदुखीपासून सुरू करू. कापूस वेचून, सोयाबीन सोंगून, उकिडवं बसून आपल्याकडच्या बायकांचे गुडघे पन्नाशीतच कुरकुरायला लागतात. मग येते "शंभर टक्के आयुर्वेदिक" पुडी किंवा गोळी. रिव्ह्यू काय असतात? "दोन दिवसांत फरक." "सात वर्षांचं दुखणं तीन दिवसांत गेलं." "भूकसुद्धा वाढली." तुम्हाला हे वाचून विश्वास वाटतो. मला वाचून घाम फुटतो. कारण झिजलेल्या गुडघ्याचं दुखणं दोन दिवसांत साफ घालवणारी आणि भूकही वाढवणारी एक गोष्ट मला चांगली ठाऊक आहे, तिचं नाव स्टेरॉइड. डेक्सामिथासोन किंवा प्रेडनिसोलोनची पूड अशा जडीबुटीच्या औषधांत मिसळलेली वारंवार पकडली गेली आहे. ती खाऊन दुखणं जातं, हे खरंच आहे. पुढे काही महिन्यांत चेहरा गोल होतो, साखर वाढते, बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात, कातडी कागदासारखी पातळ होते. आणि पुडी एकदम बंद केली तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं थांबलेलं असल्यामुळे पेशंट कोसळतो. अशी बाई दवाखान्यात पोचते तेव्हा तिचा तो पाच ताऱ्यांचा रिव्ह्यू तसाच चमकत असतो. तो खोडायला ती परत कशाला जाईल? तिच्या मते पुडीनं तर आराम दिला होता, "नंतर शुगर निघाली" हा नशिबाचा भाग.

आता चेहऱ्याचं क्रीम. "आठ दिवसांत ग्लो आला." त्वचेचा रंग आठ दिवसांत उजळवणारी क्रीमं बहुतेकदा दोनपैकी एका गोष्टीच्या जोरावर काम करतात, एक तर तीव्र स्टेरॉइड, नाहीतर पारा. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका घरातल्या तिघींची बातमी तुम्ही वाचली असेल. एकीला क्रीमनं फरक पडला, ते पाहून घरातल्या बाकीच्यांनीही तेच लावायला सुरुवात केली, आणि तिघींच्या किडन्यांना इजा झाली. मुंबईच्या केईएममध्ये शोध घेतला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. ते क्रीम ऑनलाइन घेतलेलं नव्हतं, पण पसरलं कसं ते बघा : एका चेहऱ्याचा रिव्ह्यू दुसरीनं वाचला. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनीही असंच पाहिलं. एका विशिष्ट प्रकारच्या किडनीच्या आजाराचे १५ पेशंट त्यांच्याकडे आले, त्यातले १३ जण गोरं करणारी क्रीमं लावत होते. सौंदर्यप्रसाधनांत पारा मुद्दाम घालायला आपल्याकडे बंदी आहे, नकळत आलाच तर दहा लाखांत एक भाग एवढीच मुभा. पण पारा डोळ्यांना दिसत नाही, ग्लो दिसतो. तारे ग्लोला मिळतात.

तिसरं उदाहरण आपल्याच स्वयंपाकघरातलं. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते आपल्या जिल्ह्याचं भूषण आहे. आता हळद ऑनलाइनही मिळते, वायगावच्या नावानंही आणि इतर शंभर नावांनीही. रिव्ह्यू बघा : "एकदम पिवळीधमक, भाजीला काय रंग येतो!" हळदीचा पिवळा रंग भडक करण्यासाठी जगभर जी भेसळ सापडली आहे, ती लेड क्रोमेटची, म्हणजे शिशाची. बांगलादेशात २०१९ मध्ये त्यावर सविस्तर अभ्यास झाला, आपल्या देशातही काही शहरांतल्या नमुन्यांत शिसं सापडलं आहे. शिसं लहान मुलांच्या मेंदूचं नुकसान करतं, आणि ते भरून येत नाही. प्रामाणिक शेतकऱ्याची हळद थोडी मातकट दिसली म्हणून तिला तीन तारे, आणि शिशानं रंगवलेलीला पाच.

आता तिन्ही उदाहरणं एकत्र ठेवा. दुखणं दोन दिवसांत जावं म्हणून स्टेरॉइड. गोरेपणा आठ दिवसांत दिसावा म्हणून पारा. रंग पहिल्या फोडणीत दिसावा म्हणून शिसं. भेसळ करणारा नेमकी तीच गोष्ट मिसळतो, जी तुमच्या नजरेला लवकर आणि ठळक दिसेल. त्रास मात्र काही महिन्यांनी, आणि किडनीत, हाडांत, मेंदूत, म्हणजे तुम्हाला दिसणारच नाही अशा जागी. "तिसऱ्या दिवशी कसं वाटलं?" या प्रश्नावर चालणारी ताऱ्यांची पद्धत भेसळ करणाऱ्याला सोयीची आहे. म्हणून मी पेशंटना सांगतो, औषधी वस्तूच्या रिव्ह्यूत "दोन दिवसांत" हे शब्द सारखे सारखे दिसले तर ती वस्तू घेऊ नका.

बरं, भेसळ नसेल तर? तरी "मला गुण आला" या वाक्याची किंमत फारशी नाही, आणि हे मी उद्धटपणे म्हणत नाही. सर्दी आठवड्यात बरी होतेच. गुडघा आणि कंबर यांचं दुखणं चढतं-उतरतं. माणूस पुडी मागवतो ती दुखणं टोकाला गेल्यावर, त्यानंतर ते कमी व्हायचंच असतं, आणि श्रेय पुडीला जातं. सोबत माझी गोळी चालू असते, शेक चालू असतो, तेही तो लिहीत नाही. साखरेचं तर विचारूच नका. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी केल्याशिवाय "शुगर कंट्रोलमध्ये आली" म्हणण्यात अर्थ नसतो, आणि रिव्ह्यू पडतो दहाव्या दिवशी. शिवाय लिहितं कोण? ज्याला फरक वाटला तो. ज्याला काहीच वाटलं नाही तो पुडी कपाटावर टाकून विसरतो. आणि ज्यानं इन्सुलिन बंद करून पुडी धरली आणि आयसीयूत जाऊन परत आलाच नाही, त्याला कोणतंही ॲप रिव्ह्यू मागायला जात नाही.

हा नुसता माझा तर्क नाही. मीशेल द बारा या संशोधकानं २०१७ मध्ये कोलेस्टेरॉल आणि वजन कमी करण्याच्या उत्पादनांचे अॅमेझॉनवरचे रिव्ह्यू घेतले आणि त्याच उपचारांच्या शास्त्रीय चाचण्यांतल्या निकालांशी ताडून पाहिले. रिव्ह्यूंमधला फायदा चाचण्यांपेक्षा स्पष्टपणे मोठा निघाला. लोक खोटं बोलत नव्हते. ज्यांना फायदा झाला तेच बोलत होते, बाकीचे गप्प होते.

म्हणून माझी पहिली मागणी : मधुमेह, बीपी, सांधेदुखी, मूतखडा, उंची, वजन यांवरच्या औषधी वस्तूंना "गुण आला" असा रिव्ह्यू देऊच नका. एकही तारा नको. काही जणांना हे टोकाचं वाटेल. वाटू द्या. यांतल्या बहुतेक आजारांवर रामबाण इलाजाची जाहिरात करणं १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्यानं गुन्हा आहे. विक्रेता स्वतः "मधुमेह बरा करतो" असं छापू शकत नाही. मग तो ते वाक्य तुमच्या तोंडून वदवून घेतो. कायद्यानं त्याला मनाई असलेली जाहिरात तुम्ही फुकटात करून देता.

फुकटात किंवा शंभर रुपयांत. डब्यात एक गुळगुळीत कार्ड निघतं ना, "पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा, शंभर रुपये कॅशबॅक"? ती लाच आहे. दुसरं नाव नाही त्याला. रिव्ह्यूपुढे "व्हेरिफाइड" लिहिलेलं असतं म्हणून लोक विश्वास ठेवतात, पण त्याचा अर्थ एवढाच की या माणसानं वस्तू विकत घेतली होती. कार्डवाले शंभर रुपये घेणारेही सगळे व्हेरिफाइडच असतात. आपल्याकडे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्यानं ग्राहक असल्याचं सोंग करून रिव्ह्यू टाकणं चुकीचं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानकही काढलं, पण ते ऐच्छिक ठेवलं. ऐच्छिक हेल्मेट किती जण घालतात, ते आपल्याला ठाऊक आहे.

या धंद्याचं गणित किती थंड डोक्यानं चालतं, ते अमेरिकेतल्या एका खटल्यात दिसलं. क्युअर एन्कॅप्सुलेशन्स नावाची कंपनी अॅमेझॉनवर वजन कमी करण्याच्या कॅप्सूल विकायची. आत होतं गार्सिनिया कंबोजिया, म्हणजे आपल्या कोकमाचं चुलत भावंड. कंपनीनं रिव्ह्यू विकणाऱ्या एका वेबसाइटला हजार डॉलर दिले, आणि सरासरी ४.३ ताऱ्यांच्या खाली जाऊ देऊ नका, असं बजावलं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१९ मध्ये कारवाई केली. गार्सिनियाच्या या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. (कोकम सरबत पिणाऱ्यांनी घाबरू नये, तो प्रकार वेगळा.) २०२३ मध्ये त्याच कमिशननं बाउंटिफुल या व्हिटॅमिनच्या मोठ्या कंपनीला सहा लाख डॉलर भरायला लावले. तिनं नवीन उत्पादनं जुन्या, लोकप्रिय उत्पादनांच्या पानाला जोडली होती, म्हणजे जुन्याचे तारे नव्याला आपोआप चिकटले. तेव्हा रिव्ह्यू वाचताना तो नेमका कोणत्या वस्तूचा आहे तेही बघत चला. बीपी मशीनच्या पानावर "चव छान आहे" असं दिसलं तर समजून जा.

इथे माझंही एक पाप सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्याच्या काउंटरवर एक क्यूआर कोड लावला होता, "आम्हाला पाच स्टार द्या". कोणीतरी सुचवलं, मी हो म्हटलं. लोक द्यायचेही. डॉक्टर समोर बसलेला असताना नाही कोण म्हणणार? एका आजोबांनी तर आत यायच्या आधीच पाच दिले, तपासणी बाकी होती. त्या दिवशी तो कागद काढून टाकला. तेव्हा वरचं सगळं मी स्वच्छ धुतलेल्या हातांनी लिहितोय असं नाही.

आता उपकरणांकडे येऊ, कारण इथे मला उलटं म्हणायचं आहे : इथे लिहा, भरपूर लिहा. पुडीचा गुण तुम्हाला घरी मोजता येत नाही, पण मशीनचा बराचसा मोजता येतो.

बीपी मशीनचं आधी सांगतो. पट्ट्यावर छापलेलं माप लिहा आणि ज्याला बांधला त्याच्या दंडाचा घेर टेपनं मोजून लिहा. पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाल तेव्हा मशीन सोबत न्या. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात छातीच्या उंचीवर ठेवून आधी डॉक्टरच्या मशीनवर आणि मग तुमच्या मशीनवर मोजा. दोन-तीनदा. कोणताही डॉक्टर याला नाही म्हणणार नाही, म्हणाला तर माझं नाव सांगा. दोन्ही आकडे जसेच्या तसे लिहा. मनगटावर बांधायचं मशीन असेल तर तसं स्पष्ट लिहा, ती जास्त चुकतात. आणि घेण्याआधी स्ट्राइड बीपी या आंतरराष्ट्रीय यादीत ते मॉडेल आहे का ते पाहा, यादी फुकट बघता येते.

साखरेच्या मशीनवर जरा थांबतो, कारण तिथे वाईट रिव्ह्यूही तितकेच चुकीचे असतात. "लॅबमध्ये १९२ आली, मशीनवर २०८. बेकार, एक स्टार." अहो, मशीन बरोबर आहे! या मशीनचं आंतरराष्ट्रीय मानक असं सांगतं की साखर १०० च्या वर असेल तर १५ टक्के इकडे-तिकडे चालतं आणि १०० च्या खाली असेल तर १५ अंक. लॅबची २०० असेल तर मशीनवर १७० ते २३० मधलं काहीही आलं तरी ते पास. तुलना करायची तर उपाशीपोटी, लॅबमध्ये रक्त दिल्यावर लगेच, हात साबणानं धुऊन आणि कोरडे करून. आंबा चोखलेल्या बोटाला टोचलं तर मशीन आंब्याची साखर सांगेल, तुमची नाही. एका चांगल्या मशीनला असा एक तारा पडला की पुढचा माणूस दुसरं, कदाचित खरंच वाईट मशीन घेतो.

आणि स्ट्रिप्स. वर्ध्याचा मे महिना तुम्हाला सांगायला नको, ४५-४६ अंश म्हणजे नेहमीचंच. स्ट्रिपच्या डबीवर लिहिलेलं असतं, साधारण ३० अंशांच्या आत ठेवा. ती डबी नागपूरहून तापलेल्या गाडीतून येते, टिनाच्या छपराखाली पडून राहते, मग तुमच्या ओट्यावर दुपारभर उन्हात. अशा स्ट्रिपचा आकडा चुकू शकतो आणि त्यावर कोणी इन्सुलिनचं युनिट ठरवतं. म्हणून स्ट्रिप्सच्या रिव्ह्यूत "फास्ट डिलिव्हरी" लिहिण्यापेक्षा हे लिहा : कोणत्या महिन्यात आली, कोणत्या गावात आली, पार्सल हाताला गरम लागत होतं का, एक्सपायरी किती महिन्यांवर होती, बॅच नंबर काय. पुलगाव किंवा आर्वीतल्या माणसाला मुंबईच्या माणसाच्या रिव्ह्यूचा इथे काडीचा उपयोग नाही, तुमच्या रिव्ह्यूचा आहे. (माझा सल्ला, एप्रिल ते जून स्ट्रिप्स गावातल्या मेडिकलमधूनच घ्या. दहा-वीस रुपये जास्त जातील, जाऊ द्या.)

ऑक्सिमीटर, वाफेची मशीनं, कमरेचे पट्टे यांचंही तेच. कोणी वापरलं, किती दिवस, कशाशी ताडून पाहिलं, डब्यात काय नव्हतं.

लोक मला दोन गोष्टी ऐकवतात. एक म्हणजे, "वाईट लिहिलं तर त्या गरीब विक्रेत्याचं नुकसान होईल." ही आपली चांगुलपणाची सवय, कोणाच्या घरी जेवायला गेलो की आळणी भाजीलाही "छान झाली" म्हणायची. पण इथे जेवायला पुढे आणखी हजार माणसं बसायची आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत राहून जे. सी. कुमारप्पांनी १९३० च्या दशकात "व्हाय द व्हिलेज मूव्हमेंट?" हे पुस्तक लिहिलं. वस्तू कशी तयार झाली, तिच्यामागे काय अन्याय झाला, याची जबाबदारी विकत घेणाऱ्यावरही येते, अशी त्यांची भूमिका होती. पैसे दिले की संबंध संपला, हे त्यांना मान्य नव्हतं. आजच्या बाजारात ग्राहक नुसता विकत घेत नाही, तो साक्षही देतो. मग साक्षीची जबाबदारी कोणाची? आणि खरा गरीब विक्रेता, वायगावचा हळदवाला शेतकरी, तुमच्या खोट्या गोडव्यानं तगत नाही. शेजारच्या भेसळवाल्याच्या पाच ताऱ्यांखाली तोच पहिला दबतो.

दुसरी गोष्ट : "एवढं लिहायला वेळ कोणाला आहे?" तर मग लिहू नका. खरंच. कोऱ्या जागेनं कोणाचं नुकसान होत नाही. "नाइस प्रॉडक्ट" मात्र सरासरी वर ढकलतं आणि पट्ट्याबद्दल लिहिणाऱ्या त्या दोघांना आणखी खाली ढकलतं. तुम्हाला लिहायचा कंटाळा असेल तर खाली जाऊन अशा कोणाच्या तरी रिव्ह्यूखाली "हेल्पफुल" तेवढं दाबा. पाच सेकंदांचं काम आहे.

काही त्रास झाला असेल तर मात्र रिव्ह्यूवर थांबू नका. रिव्ह्यू म्हणजे तक्रार नव्हे, तो वाचून कोणताही अधिकारी धाड टाकत नाही. औषधाचा, पुडीचा किंवा मशीनचा त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ हा फुकट नंबर आहे. औषधांच्या दुष्परिणामांची आणि वैद्यकीय उपकरणांच्या बिघाडाची देशभरातली नोंद गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे होते, आणि तिथे पेशंट स्वतःही कळवू शकतो. फसवणूक झाली असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुडी, डबी, बिल फेकू नका, तपासायला तेच लागतं. आणि आधी टाकलेला चांगला रिव्ह्यू असेल तर तो बदला. तीन महिन्यांनी परत जाऊन बदललेला एक रिव्ह्यू मला शंभर ताज्या रिव्ह्यूंपेक्षा मोलाचा वाटतो.

काकूंचं सांगायचं राहिलं. गोळी परत एकवर आणली. त्याच कंपनीचा मोठा पट्टा वेगळा मिळतो, तो मुलानं मागवला. पंधरा दिवसांनी दोघं मशीन घेऊन आले. नव्या पट्ट्यानं १३४, माझ्या मशीनवर १३२. चक्कर बंद. मुलाला म्हटलं, आता बस इथे आणि लिही. त्यानं ओपीडीच्या बाकावर बसून जे लिहिलं, ते त्याच्या परवानगीनं इथे देतोय :

"आई वय ६२, दंड ४१ सेमी. सोबत येणारा पट्टा २२-३२ सेमीचा आहे, जाड दंडाला चालत नाही. त्या पट्ट्यावर बीपी २० नी जास्त दाखवत होतं, त्यामुळे आईने गोळी वाढवली आणि ती पडली. मोठा पट्टा वेगळा घ्यावा लागला. मोठ्या पट्ट्यावर डॉक्टरांच्या मशीनशी २ चा फरक. मशीन चांगलं आहे, पट्टा बघून घ्या. आधी मी ५ स्टार दिले होते, आता ३ देतो."

काल त्यानं फोन करून सांगितलं, अकरा जणांनी "हेल्पफुल" दाबलंय. आणि खाली एका बाईनं विचारलंय, माझ्या सासूचा दंड ३६ आहे, कोणता पट्टा घेऊ? त्याला उत्तर माहीत नव्हतं म्हणून फोन केला होता. मी सांगितलं, ३६ लाही सोबतचा चालणार नाही, मोठाच घ्यायला सांग, पण आधी टेप घेऊन पुन्हा एकदा मोजायला सांग.